सगळे मास्क एका कॉलमात: पत्ते सीआयडीआरमध्ये आणतानाच्या नोंदी

३ जून

काम असं आहे. फायरवॉलच्या लॉगमध्ये एखादा आयपी पत्ता दिसला की तो कोणत्या सबनेटमधला (म्हणजे पत्त्यांच्या कोणत्या गटातला) आणि ते सबनेट कोणाच्या ताब्यात, हे एका क्वेरीत कळायला हवं. माहिती सगळी हाताशी आहे, पण चार ठिकाणी आणि चार तऱ्हांनी. राउटरच्या कॉन्फिगमधून काढलेल्या यादीत पत्ता एका कॉलमात आणि मास्क (पत्त्याचे डावीकडचे किती बिट सबनेटचे, हे सांगणारा आकडा) दुसऱ्यात, टिंबांचा: २५५.२५५.२५५.०. ॲक्सेस लिस्टमध्ये (कोणाला जाऊ द्यायचं याच्या राउटरवरच्या नियमांत) तोच मास्क उलटा, म्हणजे वाइल्डकार्ड: ०.०.०.२५५. सर्व्हर सांभाळणाऱ्यांची एक स्प्रेडशीट आहे, तिच्यात ज्याच्या मनाला जे आलं ते. आणि जुनी मालमत्ता नोंदवही मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे, तिथे पत्ते पूर्णांक म्हणून साठवलेत.

जायचं कुठे ते ठरलेलं आहे: पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक टेबल, त्यात सीआयडीआर प्रकारचा एक कॉलम, मजकूर १०.२०.३०.०/२४ अशा रूपात; स्लॅशपुढचा आकडा ही मास्कची लांबी, म्हणजे सबनेटचे बिट किती. सीआयडीआर पद्धत १९९३ सालच्या आरएफसी १५१९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजापासून चालत आलीय, तरी अजून निम्मं जग टिंबांचेच मास्क लिहितं. लिहू दे. आपण ते आत येताना बदलून घ्यायचे.

पहिला नियम आजच घालून घेतला. चारही ठिकाणचा माल आधी एका कच्च्या टेबलात टेक्स्ट म्हणूनच ओतायचा. त्यातल्या ‘मूळ’ या कॉलमाला कोणीही हात लावायचा नाही. साफसफाई शेजारच्या कॉलमात. सोबत ‘कुठून आलं’ हाही एक कॉलम ठेवला.

(नंतरची भर: ‘कुठून आलं’ हा कॉलम तेव्हा निव्वळ शिस्तीपोटी ठेवला होता. १२ तारखेची नोंद वाचा, त्याच्यावाचून काम तिथेच अडलं असतं.)

४ जून

रूपांतराला हात घालण्याआधी आकार मोजले. युक्ती सोपी आहे आणि कोणीही असं काम काढलं तर पहिल्यांदा हेच करावं. मूळ मजकुरातला अंकांचा प्रत्येक सलग गट रेगेक्सने (मजकुराचे नमुने शोधणाऱ्या सूत्राने) एकाच ‘९’ ने बदलायचा आणि मग त्यावर ग्रुप बाय, म्हणजे सारख्यांचे गट करून मोजणी. सगळे पत्ते ९.९.९.९ होतात, सीआयडीआरवाले ९.९.९.९/९ होतात, आणि जे काही वेडंवाकडं आहे ते आपोआप यादीच्या तळाशी जमा होतं.

आमच्याकडे काय काय निघालं: ९.९.९.९/९.९.९.९, मधे स्लॅशऐवजी जागा सोडलेलं ९.९.९.९ ९.९.९.९, उलट्या स्लॅशचं ९.९.९.९\९, डॅशने जोडलेल्या रेंजा, नुसतं ९.९, कुठलंही टिंब नसलेला लांबलचक आकडा, आणि एक जुना बीएसडी सर्व्हर होता त्याच्या इंटरफेस माहितीतून उचललेले हेक्स मास्क: सहा एफ आणि पुढे दोन शून्यं.

यादीत ९.९.९.९/९ हा आकार दोनदा दिसत होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लांबी काढल्यावर एकात एक अक्षर जास्त भरलं. शेवटी नॉन-ब्रेकिंग स्पेस होती, कॅरेक्टर क्रमांक १६०, कुठल्या तरी वेबपेजवरून कॉपी करताना चिकटलेली. साधा ट्रिम तिला काढत नाही, तो फक्त नेहमीची स्पेस ओळखतो. त्यामुळे साफसफाईचा नियम उलटा केला: काय काढायचं याची यादी करण्यापेक्षा, काय ठेवायचं ते सांगायचं. अंक, टिंब, कोलन, स्लॅश, डॅश आणि एफपर्यंतची हेक्स अक्षरं ठेवली. दोन पत्त्यांमधली जागा त्याआधी स्लॅश करून घेतली, नाहीतर पत्ता आणि मास्क एकमेकांना चिकटतात.

६ जून

आज सरळ कास्ट, म्हणजे टेक्स्टचं पत्त्याच्या प्रकारात रूपांतर, करून पाहिलं. अपेक्षेप्रमाणे कोसळलं, पण कसं कोसळलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

पोस्टग्रेसचा आयनेट हा पत्त्यांसाठीचा प्रकार स्लॅशनंतर फक्त लांबी घेतो. १०.२०.३०.०/२५५.२५५.२५५.० दिलं की चुकीची वाक्यरचना म्हणून परत. आणि एका ओळीवर एरर आला की अख्खी क्वेरी झोपते. हजारो ओळींतली नेमकी कुठली ओळ खराब हे एकेक करून शोधत बसणं म्हणजे दिवस घालवणं. सोळाव्या आवृत्तीपासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन आहे, ते एरर न देता फक्त हो-नाही सांगतं. आमचा सर्व्हर त्याहून जुना, म्हणून पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत छोटं फंक्शन लिहिलं: कास्ट करून बघ, जमलं नाही तर नल, म्हणजे रिकामं मूल्य, दे. एक्सेप्शन पकडण्यासाठी प्रत्येक ओळीला आत सबट्रान्झॅक्शन लागतं, त्यामुळे ते रांगत चालतं. पण हे काम एकदाच करायचंय, चालेल.

एररवाल्या ओळी बऱ्या, त्या निदान बोंब मारतात. खरी भीती ज्या ओळी बिनबोभाट पास झाल्या त्यांची. सीआयडीआर प्रकाराला अपुरा पत्ता दिला तर तो नाकारत नाही. मास्क नसेल तर जुन्या क्लासांच्या हिशेबाने (पहिल्या आकड्यावरून नेटवर्कचा आकार धरायची पद्धत) स्वतःच ठरवतो, आणि जितके ऑक्टेट (टिंबांमधले आकडे) लिहिलेत तेवढे तरी मास्कमध्ये येतील एवढंच बघतो. म्हणजे नुसतं ‘१०’ दिलं की १०.०.०.०/८. ‘१०.१’ दिलं की १०.१.०.०/१६. ‘१९२.१६८’ दिलं की १९२.१६८.०.०/२४, कारण १९२ क्लास सी मध्ये पडतो. लिहिणाऱ्याच्या मनात तिथे अख्खं /१६ असणार, हे कोणीही सांगेल. डेटाबेस सांगू शकत नाही. आणि चारही ऑक्टेट लिहून मास्क नसेल तर सरळ /३२. आमच्या शीटमध्ये ‘१७२.१६.४०.०’ अशा ओळी आहेत ज्या उघडच नेटवर्क आहेत, पण आत येताना एकेकट्या होस्ट होऊन बसल्या.

ठरलं: चारपेक्षा कमी ऑक्टेट किंवा मास्क गायब असलेली ओळ रूपांतरात जाणारच नाही. ती ‘विचारायचं आहे’ या टेबलात. अंदाज करून भरलेली ओळ नंतर ओळखूच येत नाही.

९ जून

मास्कवरून लांबी. या कामाचा गाभा हाच, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

शोधलं की दोन उपाय मिळतात. एक लॉगरिदमचा: मास्कचा पूर्णांक करा, दोनच्या बत्तिसाव्या घातातून म्हणजे ४२९४९६७२९६ मधून वजा करा, उरेल त्याचा दोनच्या पायाचा लॉग घ्या आणि ३२ मधून वजा करा. २५५.२५५.२५५.० चा पूर्णांक ४२९४९६७०४०, वजाबाकी २५६, लॉग ८, उत्तर २४. दुसरा उपाय बिट मोजायचा: मास्कमध्ये एक किती आहेत ते मोजा, तीच लांबी. मायएसक्यूएलमध्ये बिट_काउंट आणि आयनेट_एटॉन जोडून एका ओळीत होतं. पोस्टग्रेसमध्ये बिट_काउंट चौदाव्या आवृत्तीत आलं.

दोन्ही लावून पाहिले. उत्तरं जुळली की काम झालं, असा बेत. बहुतेक ठिकाणी जुळली. जिथे जुळली नाहीत तिथली एक ओळ ही:

मास्क २५५.२५५.२२५.०. बिट मोजून /२०. लॉग घेऊन जवळच्या पूर्णांकात आणून /१९.

तिसरा ऑक्टेट पुन्हा बघा. २५५ नाही, २२५ आहे. टाइप करताना बोट घसरलंय. माणसाला म्हणायचं होतं /२४. २२५ म्हणजे बिटांमध्ये १११००००१, चार एक, म्हणून आठ अधिक आठ अधिक चार, वीस. लॉगच्या बाजूला उरतात ७९३६, त्याचा लॉग १२.९५, गोळाबेरीज तेरा, म्हणून एकोणीस. दोन्ही उपायांनी न बोलता उत्तर दिलं, दोन्ही चूक, आणि एकानेही हा मास्क असूच शकत नाही हे सांगितलं नाही. २५५.०.२५५.० घातला तर अजून गंमत: बिट मोजून /१६, लॉग घेऊन /८.

१९८५ सालच्या आरएफसी ९५० मध्ये मास्कचे एक सलग असले पाहिजेत अशी सक्ती नव्हती, पण सीआयडीआरमध्ये ती आहे. लांबी म्हणजे डावीकडून सलग इतके एक, बाकी शून्य. त्यामुळे कुठल्याही ऑक्टेटमध्ये ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५ या नऊ आकड्यांखेरीज काही दिसलं की ओळ बाद. पण हीही तपासणी पुरत नाही, २५५.०.२५५.० तिच्यातून सहीसलामत निसटतो. सलगपणाची पक्की चाचणी आहे: मास्क उलटा करा, त्यात एक मिळवा, दोघांचा बिटवाइज अँड घ्या, शून्य आला तर सलग. चालते. पण तीन महिन्यांनी ही क्वेरी उघडणाऱ्याला त्यातलं काय कळणार?

१० जून

गणितच सोडून दिलं. सगळे कायदेशीर मास्क मिळून तेहेतीस, /० पासून /३२ पर्यंत. तेहेतीस ओळींचं टेबल करायचं आणि जॉइन मारायचा, म्हणजे मास्क त्या टेबलाशी जुळवायचा. जुळला तर लांबी मिळाली, जुळला नाही तर मास्क खोटा. २२५ वाला आपोआप नल होऊन ‘विचारायचं आहे’ मध्ये जातो. वेगळी चाचणी नको, बिटांची कसरत नको.

टेबल हाताने लिहायची गरज नाही. जनरेट_सिरीजने ० ते ३२ घ्यायचे, ०.०.०.० या आयनेटवर सेट_मास्कलेनने ती लांबी बसवायची, मग नेटमास्क हे फंक्शन टिंबांचा मास्क देतं आणि होस्टमास्क हे फंक्शन वाइल्डकार्ड देतं. /३० साठी एकातून २५५.२५५.२५५.२५२, दुसऱ्यातून ०.०.०.३. हेक्ससाठी नेटमास्कमधून ०.०.०.० वजा केलं की बिगइंट मिळतो, त्यावर टू_हेक्स. डावीकडे शून्यं भरून आठ अंक करायला विसरू नका, नाहीतर /० चा मास्क नुसता ‘०’ येतो.

पहिल्या फटक्यात एकही ओळ जुळली नाही. एकही नाही म्हणजे चूक डेटात नसते, जोडणीत असते. टेबल स्क्रीनवर बघितलं तर २५५.२५५.२५५.० अगदी जसंच्या तसं. भानगड अशी: नेटमास्क फंक्शन टेक्स्ट देत नाही, आयनेट देतं. आयनेटची लांबी ३२ असेल तर दाखवताना पोस्टग्रेस ‘/३२’ गाळतो. पण टेक्स्टमध्ये कास्ट केलं की गाळत नाही. म्हणजे टेबलात ‘२५५.२५५.२५५.०/३२’ बसलं होतं आणि आम्ही जुळवत होतो ‘२५५.२५५.२५५.०’ शी. इलाज म्हणजे कास्टऐवजी होस्ट हे फंक्शन वापरायचं. ते फक्त पत्ता देतं, लांबी नाही.

ही गोष्ट मास्कपुरती नाही. कुठेही पत्ते टेक्स्ट म्हणून जुळवत असाल तर एका बाजूला /३२ चिकटलेलं आहे का, हे आधी पाहा. शक्यतो टेक्स्ट जुळवूच नका. पण आयनेट म्हणून जुळवतानाही लक्षात ठेवा की १०.२०.३०.५/२४ आणि १०.२०.३०.५ हे दोन त्याच्या लेखी समान नाहीत. लांबी वेगळी म्हणजे मूल्य वेगळं.

१२ जून

वाइल्डकार्डचा दिवस. टेबलात होस्टमास्कचा कॉलम तयारच होता, म्हणून जॉइनमध्ये ‘नेटमास्कशी किंवा होस्टमास्कशी जुळलं तर’ असं लिहिलं. ओळी वाढल्या. जेवढ्या आत गेल्या त्यापेक्षा जास्त बाहेर आल्या.

कारण बघितल्यावर साधं आहे. तेहेतीस मास्क आणि तेहेतीस वाइल्डकार्ड यांच्यात दोनच मूल्यं दोन्हीकडे आहेत: ०.०.०.० आणि २५५.२५५.२५५.२५५. मास्क म्हणून ०.०.०.० म्हणजे /०, सगळं इंटरनेट. वाइल्डकार्ड म्हणून तेच ०.०.०.० म्हणजे /३२, एकच मशीन. दुसऱ्याचं बरोबर उलट. बाकी कुठलाही मास्क स्वतःकडे बघून ओळखता येतो, डावीकडे एक असेल तर मास्क, शून्य असेल तर वाइल्डकार्ड. या दोघांकडे कितीही टक लावून बघा, काही कळणार नाही. कुठून आलं हेच विचारावं लागतं.

तो कॉलम होता म्हणून निभावलं. आता जॉइन असा: ॲक्सेस लिस्टमधून आलेली ओळ फक्त होस्टमास्कशी जुळवायची, बाकी सगळ्या फक्त नेटमास्कशी. ‘किंवा’ कुठेच नाही.

याच जागी अजून एक अपघात होता होता वाचला. शीटचा काही भाग आधी एका पायथॉन स्क्रिप्टमधून तपासून येत होता, त्यात आयपीॲड्रेस हे मॉड्यूल वापरलंय. ते स्लॅशनंतर टिंबांचा मास्कही घेतं आणि वाइल्डकार्डही घेतं, सोयीचं आहे. त्याचा नियम: पहिला ऑक्टेट शून्य नसेल तर मास्क, शून्य असेल तर वाइल्डकार्ड, आणि सगळीच शून्यं असतील तर मास्क. म्हणजे ॲक्सेस लिस्टमधलं एकट्या होस्टचं ‘१०.२०.३०.५ ०.०.०.०’ हे त्याच्या लेखी /०. स्वतःहून ते तक्रार करतं, की होस्ट बिट शिल्लक आहेत. पण स्क्रिप्ट लिहिताना ती तक्रार डोकं खाते म्हणून स्ट्रिक्ट बंद केलेलं होतं. उत्तर आलं ०.०.०.०/०. चाचणीच्या क्वेरीत लॉगमधला प्रत्येक पत्ता, अगदी बाहेरच्या जगातलेसुद्धा, कुठल्याशा एका प्रिंट सर्व्हरच्या नियमाखाली सापडायला लागला तेव्हा लक्षात आलं. टेबलावर आता चेक कन्स्ट्रेंट आहे: लांबी शून्य असलेली ओळ आत येणार नाही. डीफॉल्ट रूट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीचा ०.०.०.०/० हा मार्ग) साठवायचा असेल तर त्याच्यासाठी वेगळं टेबल करा.

आणि ॲक्सेस लिस्टमधले वाइल्डकार्ड सलग असतीलच असं नाही, तिथे ते नियमात बसतं. आमच्याकडे १०.०.०.० ०.०.२५४.२५५ असं सापडलं. २५४ चा शेवटचा बिट शून्य, म्हणजे तिसऱ्या ऑक्टेटचा शेवटचा बिट जुळलाच पाहिजे. पत्त्यात तो ० आहे, म्हणून तिसरा ऑक्टेट सम असलेले सगळे पत्ते. कोणी तरी हुशारीने लिहिलेला नियम. हा एका सीआयडीआरमध्ये बसत नाही, बसवायचा प्रयत्नही करू नये. त्याच्या १२८ ओळी केल्या, प्रत्येकी /२४, आणि चौथ्या कॉलमात मूळ नियमाचा क्रमांक.

१६ जून

स्प्रेडशीट. हिच्याबद्दल सभ्य भाषेत लिहायचा प्रयत्न करतो.

टिंब नसलेले लांब आकडे ४ तारखेला दिसले होते. त्यातला एक २५५२५५२५५२५२. आधी वाटलं हाही पूर्णांकात साठवलेला पत्ता असेल, पण बत्तीस बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४२९४९६७२९५, हा त्याच्या कितीतरी पुढे. मग उलगडलं. काही संगणकांच्या सेटिंगमध्ये टिंब हा हजाराचा विभाजक असतो. तिथे २५५.२५५.२५५.२५२ टाइप केलं की स्प्रेडशीट त्याला एक मोठी संख्या समजते आणि टिंबं पुसून टाकते. २५५.२५५.२५५.० मात्र वाचतो, कारण शेवटचा गट तीन अंकी नाही, संख्या म्हणून तो बसत नाही. म्हणून गंमत अशी झाली होती की /२४ चे सगळे मास्क धडधाकट आणि /२५ पासून /३२ पर्यंतचे सगळे चिरडलेले. पत्त्यांचंही तेच: १०.१२०.१३०.१४० चं १०१२०१३०१४०.

सुदैवाने हे परत आणता येतं. नुकसान फक्त शेवटचे तिन्ही गट तीन अंकी असतील तेव्हाच होतं, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंक मोजून टिंबं टाकायची. उरेल तो पहिला ऑक्टेट. मास्क तर तेहेतीसच्या यादीत सापडतोच, तीच तपासणी. फक्त एक अट: हा नियम शीटमधून आलेल्या ओळींनाच लावायचा. नोंदवहीतले खरेखुरे पूर्णांक याच्यात सापडले तर वाट लागेल.

दुसरी तऱ्हा पुढच्या शून्यांची. कॉलम सरळ दिसावा म्हणून कोणी तरी ०१०.०२०.००३.००४ असं लिहिलंय. पोस्टग्रेस ते मुकाट्याने १०.२०.३.४ वाचतो. पण हाच मजकूर कमांड लाइनवर पिंगला दिला तर अनेक सिस्टिमवर तो ८.१६.३.४ कडे निघतो, कारण सी भाषेचं जुनं आयनेट_एटॉन पुढचं शून्य दिसलं की आकडा अष्टमान पद्धतीचा धरतं. पायथॉनने तर ३.९.५ पासून असे पत्ते घेणंच बंद केलं. एकच मजकूर, तीन साधनं, तीन वागणुकी. पुढची शून्यं आत येतानाच रेगेक्सने काढली, आणि ज्यांनी ही शीट दुसरीकडेही पुरवली आहे त्यांना कळवलं.

१८ जून

नोंदवहीतले पूर्णांक. ३२३२२३५७७७ म्हणजे १९२.१६८.१.१, मायएसक्यूएलमध्ये आयनेट_एनटोआ लावून टेक्स्ट काढला आणि इकडे आणला. अर्ध्या तासाचं काम.

अडलं ते एवढ्यावर: भरपूर मशीनचा पत्ता १२७.२५५.२५५.२५५. लूपबॅकमधला (मशीनने स्वतःशीच बोलायच्या पत्त्यांतला), कोणीही कधी देणार नाही असा. तो आकडा २१४७४८३६४७, चिन्हासहित बत्तीस बिटी पूर्णांकाची कमाल मर्यादा. कॉलम अनसाइन्ड (बिनचिन्हाचा) करायचा राहिला होता, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असताना मायएसक्यूएल मर्यादेबाहेरचा आकडा मर्यादेपर्यंत कापून ठेवतो. त्यामुळे १२७ च्या पुढे सुरू होणारा प्रत्येक पत्ता, म्हणजे १७२ वाले आणि १९२ वाले सगळे, त्याच एका आकड्यावर आपटले. हे परत आणता येत नाही. माहिती आत जातानाच मेली होती. त्या ओळी होस्टनावाने राउटरच्या यादीशी जुळवून जेवढ्या भरता आल्या तेवढ्या भरल्या.

थोडे पत्ते उलटेही निघाले, १.१.१६८.१९२ असे. बाइटचा क्रम न बदलता साठवलेले. शेवटचा ऑक्टेट १०, १७२ किंवा १९२ असेल तर संशय घ्या, पण आंधळेपणाने उलटवू नका, १०.०.०.१० उलटवला तरी तोच राहतो आणि १०.१.२.१० चा १०.२.१.१० होतो. ‘कोणत्या प्रोग्रामने लिहिलं’ हे नोंदवहीत होतं, त्यावरून गाळले.

२० जून

सीआयडीआर की आयनेट, यावर आज वाद झाला. सीआयडीआर प्रकार मास्कच्या उजवीकडे बिट शिल्लक असलेलं मूल्य घेत नाही, १०.२०.३०.५/२४ त्याला चालत नाही, १०.२०.३०.०/२४ चालतं. आयनेट दोन्ही घेतो. राउटरच्या यादीतले पत्ते इंटरफेसचे असल्यामुळे सगळेच पहिल्या प्रकारचे. नेटवर्क हे फंक्शन लावलं की होस्टचा भाग शून्य होऊन सीआयडीआर मिळतो. एकाचं म्हणणं, सगळ्यालाच नेटवर्क लावा आणि मोकळे व्हा.

लावलं नाही. कारण शीटमधली ही ओळ: पत्ता १०.२०.३१.०, मास्क २५५.२५५.२५४.०. हे /२३, आणि /२३ ची सुरुवात नेहमी तिसरा ऑक्टेट सम असलेल्या ठिकाणी होते. नेटवर्क फंक्शन त्याचं १०.२०.३०.०/२३ करून टाकेल, हूं की चूं न करता. पण खरं काय? मास्क चुकून एका बिटाने आखूड लिहिलाय आणि हे १०.२०.३१.०/२४ आहे, की पत्ता चुकलाय? विचारलं तेव्हा कळलं की /२४ च होतं, १०.२०.३०.०/२४ दुसऱ्याच टीमकडे आहे. सफाईच्या नावाखाली त्यांचं सबनेट आम्ही यांच्या नावावर केलं असतं.

म्हणून दोन कॉलम. इंटरफेसच्या यादीतून आलेल्याला आयनेट ठेवला आणि नेटवर्क त्यावरून काढला. नेटवर्क म्हणूनच लिहून आलेल्या ओळीला सरळ सीआयडीआरमध्ये कास्ट. नाकारलं तर ‘विचारायचं आहे’.

२३ जून

रेंजा. १९२.१६८.१.१-५० अशा. आयनेट_मर्ज हे फंक्शन वापरायचा मोह होतो, पण ते दोन पत्त्यांना सामावणारं सगळ्यात लहान एकच नेटवर्क देतं: १९२.१६८.१.०/२६, म्हणजे ६४ पत्ते, मागितले ५०. नेमकं करायचं तर आठ तुकडे होतात: १/३२, २/३१, ४/३०, ८/२९, १६/२८, ३२/२८, ४८/३१, ५०/३२. रिकर्सिव्ह क्वेरीने केलं. प्रत्येक पायरीला सुरुवातीच्या पत्त्यावर बसेल आणि शेवट ओलांडणार नाही असा सगळ्यात मोठा तुकडा घ्यायचा. बहुतेक रेंजा डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पूलच्या होत्या, त्या सबनेट नाहीतच. त्या वेगळ्या टेबलात सुरुवात आणि शेवट अशा दोन आयनेट कॉलमांत ठेवल्या आणि तुकडे करायचं टळलं.

२५ जून

लॉगची बाजू. काही सर्व्हर आयपीव्ही६ वर ऐकतात आणि आयपीव्ही४ वरून आलेल्याला मॅप केलेल्या रूपात लिहितात: दोन कोलन, चार एफ, कोलन, मग नेहमीचा पत्ता. पोस्टग्रेसच्या लेखी तो आयपीव्ही६, त्यामुळे कुठल्याही आयपीव्ही४ सबनेटमध्ये तो सापडत नाही आणि एररही येत नाही. टेक्स्टमधूनच तो उपसर्ग उडवला. लिंक-लोकल (फक्त त्याच जोडणीपुरत्या चालणाऱ्या) पत्त्यांच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि इंटरफेसचं नाव असतं, तेही कास्टच्या आधी कापावं लागतं. बाकी आयपीव्ही६ मध्ये टिंबांचे मास्क नसल्यामुळे सगळं सरळ.

२६ जून

शेवटची क्वेरी. लॉगमधला पत्ता <<= सबनेट (म्हणजे पत्ता सबनेटच्या आत), लांबीच्या उतरत्या क्रमाने, पहिली एक ओळ. लॅटरल जॉइनमध्ये, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी. एकाच पत्त्याला /१६, /२० आणि /२४ अशी तीन सबनेट लागतात; राउटरसारखंच सगळ्यात लांब मास्कवालं घ्यायचं. लिमिट विसरलात तर अहवालातली मोजणी फुगते.

सुरुवातीला फारच हळू चालली. सबनेटच्या कॉलमावर साधा बी-ट्री इंडेक्स होता. तो ‘या एका ठरलेल्या सबनेटमधले पत्ते दे’ याला उपयोगी पडतो, ‘या पत्त्याला पोटात घेणारी सबनेट दे’ याला नाही. जिस्ट हा दुसऱ्या प्रकारचा इंडेक्स टाकला, तो अशा प्रश्नालाही चालतो. त्यात आयनेट_ऑप्स हा तुलनेच्या ऑपरेटरांचा संच नाव घेऊन सांगावा लागतो, तो डीफॉल्ट नाही. न सांगता केलं तर इंडेक्स बनतच नाही. त्यानंतर दिवसभराचा लॉग बसल्या बैठकीत निघतो.

३० जून

सगळ्यात खालच्या पातळीच्या सबनेटांवर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावला, जिस्टवरच, && या ऑपरेटरने: दोन सबनेट एकमेकांवर चढली तर दुसरं आत येत नाही. वरच्या पातळीची /१६ वगैरे त्यातून वगळली, ती चढणारच. लावताक्षणी तीन जोड्यांवर अडला. त्यातल्या दोन शीटमधल्या दुहेरी नोंदी होत्या, काढल्या. तिसऱ्यात दोन टीम एकाच /२६ वर हक्क सांगताहेत. त्यांना कळवलंय, तोवर ती ओळ ‘विचारायचं आहे’ मध्ये आहे, २२५ वाल्या मास्कच्या शेजारी.